हापूसच्या बागेचे वर्ष

आंब्याविषयी लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप वैशाखाकडे धावते, आणि त्यात नवल नाही. मुंबई-पुण्याकडील मनुष्याची व हापूसची गाठ पडते ती एप्रिल व मे ह्या दोन महिन्यांत, आणि तीही पेटीचे झाकण उघडल्यावर. मागील दहा महिने ते झाड काय करीत होते, आणि त्या झाडावर ज्याचा संसार चालतो ते घर काय करीत होते, ह्याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तीच करणार आहोत. आमच्या वर्गांतून बागायतदारांची मुले-मुली पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येकांस ह्या विषयातील बारकावे आमच्याहून अधिक ठाऊक असतील. तथापि बागेत राबणे निराळे आणि बागेचा हिशेब समजणे निराळे. हा लेख ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे, आणि विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे.

आंब्याच्या घरात दोन पंचांगे चालतात. एक माणसाचे. त्यात जूनमधील शाळेची पुस्तके व फी, भाद्रपदातील गणपती, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, एखादे लग्नकार्य, एखादे आजारपण अशी खर्चाची पाने वर्षभर पसरलेली असतात. दुसरे पंचांग झाडाचे. त्यात पाऊस, पालवी, थंडी, मोहोर आणि फळ एवढीच काय ती पाने. आणि जमेचे पान वर्षातून एकदाच येते. कधी कधी तर तेही एक वर्ष वगळून येते. खर्च बारा महिने आणि उत्पन्न दोन महिने, ही अडचण भातशेती करणाऱ्यासही आहे; पण भात नाही पिकले तर पुढील वर्षी नवे बी पेरता येते. आंब्याचे झाड एकदा लावले की त्याच्याशी पन्नास-साठ वर्षांचा संबंध जडतो. त्याच्यावर ह्या वर्षी जो उपाय करावा त्याचे परिणाम पुढील अनेक वर्षे भोगावे लागतात.

रत्नागिरी, राजापूर, देवगड, वेंगुर्ले ह्या किनाऱ्याच्या पट्टीत पुष्कळशी जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ. पाऊस वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. परंतु तो जवळजवळ सारा चार महिन्यांत कोसळतो आणि समुद्रास मिळतो. अशा कातळावर कलम लावावयाचे म्हणजे पूर्वी पहारीने आणि पुढे सुरुंगाने खड्डा फोडावयाचा, आणि त्यात दुसरीकडून माती आणून भरावयाची. खड्डा एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल. दोन झाडांत अंतर दहा मीटर. म्हणजे हेक्टरभर जमिनीत शंभर झाडे, ही जुनी रीत. (हल्ली पाच मीटर अंतरावरही लागवड करतात, ती येथे विचारात घेतलेली नाही.) हे कलम पाच-सहा वर्षांनी फळ धरू लागते आणि भरास येण्यास पंधरा वर्षे घेते. लावणाऱ्याच्या घामाची खरी जमा बहुधा पुढील पिढीच्या वहीत होते.

हापूस हे नाव पोर्तुगीजांच्या 'आफोन्सो' ह्या नावावरून आले. युरोपात फळझाडांस कलम बांधण्याची जी विद्या होती ती सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात आंब्यावर चालविली, आणि तीतून आपणांस परिचित अशा कलमी जाती टिकल्या. हापूसचा बाठा पेरला तर झाड उगवते, पण त्याचे फळ हापूसचेच होईल असा भरवसा नसतो. म्हणून कोकणात आज जेवढे हापूसचे वृक्ष उभे आहेत ते सारे कोणत्या तरी दुसऱ्या हापूसच्या काडीपासून झालेले आहेत. एका घरची काडी दुसऱ्या घरी जाते, तेथून तिसऱ्या गावी; ह्या दृष्टीने पाहता साऱ्या बागा एकमेकींच्या नात्यातल्याच म्हणावयाच्या.

बागेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, आणि ते आंब्याने नव्हे तर कोयत्याने. फळे उतरली की वाळलेल्या फांद्या व बांडगुळे काढून टाकावयाची असतात. बांडगूळ ही एक परोपजीवी वनस्पती होय. ती पक्ष्यांच्या विष्ठेतून फांदीवर रुजते आणि झाडाचा रस शोषून हिरवीगार दिसते. अज्ञ मनुष्यास ती झाडाची नवी पालवीच वाटते. ह्याच सुमारास खोडावर भिरुडाचा शोध घेतात. भिरुड म्हणजे खोड पोखरणारी अळी. बुंध्याशी भुसा दिसला की आत ती आहे असे समजावे. मग तारेच्या आकड्याने ती ओढून काढतात. आमच्या एका विद्यार्थ्याने ही तार इतक्या कुशलतेने चालविलेली आम्ही पाहिली आहे की, प्रयोगशाळेतील चिमटा त्याच्या हाती देताना आम्हांस मुळीच शंका वाटली नाही.

त्यानंतर खत. झाडाच्या घेराखाली, फांद्यांची टोके जेथवर पोहोचतात त्याच्या किंचित आत, वर्तुळाकार चर काढून शेणखत व रासायनिक खते घालतात. बुंध्याशी खत टाकणे व्यर्थ होय, कारण अन्न शोषणारी कोवळी मुळे तेथे नसतात. झाड दहा वर्षांचे होईपर्यंत खताची मात्रा दरवर्षी वाढवीत नेतात, पुढे ती स्थिर ठेवतात. आता हे खत कोणत्या पैशाने येते हे पाहावे. मे महिन्यात फळ चांगले झाले असेल तर घरच्या पैशाने. नाही तर पीककर्जाने, अथवा मुंबईच्या दलालाकडून घेतलेल्या उचलीने. उचल म्हणजे पुढील हंगामाचे आंबे त्याच दलालाकडे पाठविण्याच्या बोलीवर आगाऊ घेतलेली रक्कम. ती घेण्यात लाज काहीच नाही. साऱ्या पट्ट्यात तिचा रिवाज आहे. पण ज्या घराने उचल घेतली त्या घराचा माल कोठे जाणार हे आंबा मोहोरण्यापूर्वीच ठरलेले असते, एवढे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

ह्या साऱ्या खटाटोपात ऑगस्ट महिना बाहेरून पाहणाऱ्यास अगदी निवांत दिसतो. पाऊस पडत असतो, गवत कमरेएवढे वाढलेले असते, बागेत कोणी जात नाही. तथापि वर्षातील सर्वांत गंभीर निर्णय ह्याच सुमारास घ्यावा लागतो, आणि त्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहितो.

हापूसचा स्वभाव वर्षाआड फळण्याचा आहे. ज्या काडीने यंदा फळ दिले तिला पुन्हा पालवी फोडून, ती पालवी जून करून, अन्न साठवून मगच मोहोर आणता येतो. आणि भरपूर फळल्यावर थकलेल्या झाडास हे सारे एका वर्षात साधत नाही. म्हणून एक वर्ष झाड भरते व दुसरे वर्ष विसावा घेते. पूर्वीची घरे हे गृहीत धरून चालत असत. भाताचे कोठार, थोडी सुपारी, नारळ, एखादा मुंबईस गिरणीत असलेला मुलगा, ह्यांच्या आधाराने ते रिकामे वर्ष निघे. पुढे माणसाच्या पंचांगातील खर्च वाढले आणि ते वर्ष निघेना. तेव्हा विज्ञानाने एक द्रव्य पुढे केले. त्याचे नाव पॅक्लोब्युट्राझोल. बागायतदार त्यास 'कल्टार' म्हणतात. झाडाच्या अंगी वाढ घडवून आणणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य स्वभावतःच तयार होत असते. हे औषध ते तयार होऊ देत नाही. वाढ थोपली की साठलेले अन्न पालवीकडे न जाता मोहोराकडे वळते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, झाडाच्या घेराचा व्यास मोजून, दर मीटरास ठरावीक मात्रा पाण्यात मिसळून बुंध्याभोवती पाडलेल्या लहान छिद्रांत ते ओततात. परिणाम दुहेरी होतो: झाड दरवर्षी मोहोरते, आणि मोहोर तीन-चार आठवडे लवकर येतो. लवकर आलेला आंबा मार्चात बाजारात पोहोचतो, आणि मार्चातील पेटी व मेच्या मध्यातील पेटी ह्यांच्या दरांत केवढे अंतर असते हे येथे कोणास सांगावयास नको.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ह्या औषधाची मात्रा, वेळ व रीत ठरवून दिलेली आहे, आणि त्याबरोबर एक अटही सांगितली आहे: ज्या झाडास हे द्यावयाचे त्यास खत कमी पडू देता कामा नये. कारण उघड आहे. विसाव्याचे वर्ष काढून घेतले तर अन्न दुप्पट द्यावे लागणार. जेथे मालक स्वतः बाग पाहतो तेथे ही अट बहुधा पाळली जाते. परंतु ज्या घरातील मुले मुंबईस गेली आणि मागे म्हातारी माणसे राहिली, तेथे बाग दोन-चार वर्षांच्या कराराने दुसऱ्यास देण्याची चाल पडली आहे. करार घेणाऱ्याची दृष्टी कराराच्या वर्षांपुरती असते. त्यास दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्याने रोख रक्कम मोजलेली असते आणि त्याचेही घर असते. पण झाडाची अजून चाळीस वर्षे उरलेली असतात आणि त्याची चारच. अशा बागांत औषधाची मात्रा वाढत जाते, खत मात्र वाढत नाही. पुढे फांद्या आखूड व गुंतलेल्या होतात, पाने लहान येतात, झाड वठू लागते. आणि हे औषध मातीत दीर्घकाळ टिकत असल्याने करार संपल्यावरही झाडाची सुटका तत्काळ होत नाही.

आमचे मत विचाराल तर ते असे की, औषध वाईट नाही आणि करारही वाईट नाही. परंतु करारनाम्यात भाड्याच्या रकमेबरोबर खताची व औषधाची मात्रा लिहून घेतली पाहिजे, आणि ती वाचून पाहणारे कोणी तरी घरात असले पाहिजे. नववी-दहावीतील मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकते. व्यास व परीघ आम्ही त्यांना शिकवितो तो केवळ परीक्षेपुरता नव्हे.

ऑक्टोबरात पाऊस सरतो, ऊन तापते, आणि झाडे तांबूस पालवी फोडतात. ह्याच वेळी नेपाळातून येणारे गडी दाखल होतात. बागेतील खोपीत ते कुटुंबासह राहतात, गवत काढतात, औषधे फवारतात, रात्री राखण करतात आणि जूनच्या तोंडावर परत जातात. कोकणचा मुलगा मुंबईस जातो आणि त्याच्या बागेची राखण करावयास हिमालयाच्या पायथ्यापासून मनुष्य येतो, ही आमच्या भूगोलाच्या तासास मोठी उपयोगी पडणारी गोष्ट आहे. ते असो. पालवी कोवळी असतानाच तुडतुडे येतात, आणि तेव्हापासून फळ सुपारीएवढे होईपर्यंत फवारण्यांची मालिका चालते. तिचा सारा तपशील येथे देत नाही. तुडतुडे मोहोराचा रस शोषून मधासारखा चिकट पदार्थ टाकतात आणि त्यावर काळी बुरशी चढते, ह्यासच आपल्याकडे खार पडणे म्हणतात; भुरी व करपा हे दोन बुरशीचे रोग; आणि अलीकडे फुलकिड्यांचा उपद्रव बराच वाढला आहे. इतके पुरे. ह्या प्रत्येकाचा भर हवेवर अवलंबून असतो, आणि आभाळ भरून आले की बागायतदाराच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, हे त्या घरच्या मुलांनीच आम्हांस सांगितले आहे.

मग डिसेंबर. इतर लोकांस थंडी म्हणजे गोधडी व शेकोटी. आंब्याच्या घरास ती म्हणजे वर्षाचे भवितव्य. जून झालेल्या काडीने मोहोर टाकावा ह्यासाठी काही रात्री पारा वीस अंशांच्या खाली उतरावा लागतो. समुद्रकाठी ही गोष्ट सहजासहजी घडत नाही. घाटावरून गार वारा उतरला, चार-आठ रात्री तो टिकला, की काडीच्या टोकाचा डोळा फुगतो आणि पंधरवड्यात तुरा दिसू लागतो. थंडी लांबली तर मोहोर लांबतो, तो लांबला तर आंबा मेअखेर जातो, आणि तेव्हा एकीकडून भाव उतरलेला आणि दुसरीकडून पाऊस आलेला असतो.

येथे निसर्गाचा एक विलक्षण व्यवहार सांगण्यासारखा आहे. ज्या थंडीची एवढी वाट पाहिली तीच जानेवारी-फेब्रुवारीत अतिरेक करू लागली, तर ज्या काडीवर वाटाण्याएवढी फळे धरली आहेत त्याच काडीतून नवा मोहोर फुटतो. झाड आपले अन्न नव्या फुलांकडे वळविते आणि आधीची फळे गळून पडतात. ह्यास पुनर्मोहोर म्हणतात. ह्यावर उपाय कोणता, तर मोहोर येत असतानाच जिबरेलिक आम्लाची विरळ फवारणी. म्हणजे जे जिबरेलिन ऑगस्टमध्ये अडवून धरले, तेच पुढे बाहेरून द्यावयाचे! शास्त्राच्या पुस्तकात ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत असतात. झाडाच्या अंगी त्या एकाच वर्षात घडतात.

मोहोराच्या एका तुऱ्यावर हजाराच्या घरात फुले असतात. त्यांतील बहुतेक नुसती नरफुले. फळ धरण्यास समर्थ अशी फुले थोडी. त्यांवर माश्या व मधमाश्या बसून परागण व्हावयाचे. म्हणून ऐन फुलोऱ्यात विषारी फवारा मारू नये, असे सांगतात. शंभर फुलांमागे एक फळही टिकत नाही. जे टिकते ते मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, गोटीएवढे, सुपारीएवढे अशा पायऱ्या चढते, आणि प्रत्येक पायरीवर काही गळते. घरातील वृद्ध माणसे सकाळी झाडाखाली जाऊन गळलेल्या कैऱ्या पाहतात. त्या मोजून आंबे वाढत नाहीत हे त्यांस कळते, तरीही मोजतात.

मार्च-एप्रिलमध्ये तोडणी सुरू होते, आणि आमची वार्षिक परीक्षाही ह्याच सुमारास येते. ह्या दोहोंत कोणी माघार घ्यावी हा प्रश्न आमच्या शिक्षकमंडळात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी सुटल्यावाचून राहतो. आम्ही मुलांस दोष देत नाही. तोडणी हे चार दिवस पुढे ढकलता येण्यासारखे काम नव्हे. फळ चौदा आणे तयार असावे लागते. बारा आण्यांत तोडले तर पिकल्यावर सुरकुतते व आंबट राहते, सोळा आणे होऊ दिले तर वाटेतच पिकते. आण्यांची नाणी व्यवहारातून जाऊन किती तरी वर्षे झाली, पण आंब्याच्या बागेत ती अद्याप चालतात. तोडावयाचे ते झेल्याने. झेला म्हणजे लांब काठीच्या टोकास पाते व जाळी; विद्यापीठाने सुधारलेल्या 'नूतन झेल्या'ने फळ देठासकट उतरते. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही आणि डाग पडत नाही. तोच चीक हातावर पडला तर कातडी भाजते. एप्रिलच्या उत्तरपत्रिकांवर जे तपकिरी ठसे उमटलेले असतात ते शाईचे नाहीत हे आम्ही जाणतो, आणि त्याबद्दल गुण कापीत नाही.

तोडणी सकाळच्या थंड वेळी किंवा उन्हे कलल्यावर करावी, फळ तापलेल्या जमिनीवर ठेवू नये, लगेच सावलीत न्यावे; ह्या नियमांमागे साका नावाच्या व्याधीचे भय आहे. बाहेरून निर्दोष, सुवासिक, केशरी असे फळ कापावे आणि आत बाठ्याभोवती पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर निघावा, ही ती व्याधी. चीमा व दाणी ह्या दोन कृषिशास्त्रज्ञांनी १९३२ व १९३३ साली युरोपास पाठविलेल्या आंब्यांविषयी जो अहवाल १९३४ साली प्रसिद्ध केला, त्यात ह्या दोषाची नोंद आढळते. पुढील संशोधनात असे दिसले की, तापलेल्या जमिनीची धग फळास लागणे हे ह्याचे एक कारण आहे, आणि फळ झाडावर असतानाच आतील बी रुजण्याच्या तयारीस लागणे हे दुसरे. म्हणूनच झाडाखाली गवताचे आच्छादन घालण्यास सांगतात. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात १९८१ साली दिली. तिच्यात साका नाही आणि ती वर्षाआड रुसतही नाही. तरीही नवी लागवड बहुतेक हापूसचीच होते, कारण बाजार नावास भाळतो. त्या नावाच्या रक्षणार्थ २०१८ साली कोकणच्या हापूसास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण पेटीवर 'देवगड' छापून आत भलताच आंबा भरणारे अद्याप आहेतच.

आता विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. हापूसचे कोकणातील सरासरी उत्पन्न हेक्टरी अडीच टनांच्या आसपास धरतात. एक फळ अडीचशे ग्रॅमचे मानू. तर हेक्टरभर बागेत, म्हणजे शंभर झाडांवर, फळे किती? दहा हजार, म्हणजे झाडामागे शंभर. पाच डझनी पेटीत ६० फळे. सारीच फळे पेटीत गेली असे धरले तरी पेट्या होतात १६६. परंतु सारी जात नाहीत. डागी, लहान, फळमाशीने दंशलेली, वानरांनी फेकलेली अशी वजा करा. तुमच्या घरच्या बागेत ती किती असतात ते तुम्हीच पाहून लिहा. उरलेल्या पेट्यांतून खत, औषधे, फवारणीचे तेल, गड्यांचा पगार, खोके, वाशीपर्यंतचे भाडे, हमाली, दलाली आणि घेतलेली उचल वजा करावयाची. माल गेल्यावर काही दिवसांनी दलालाकडून जो हिशेबाचा कागद येतो त्यास पट्टी म्हणतात. पुष्कळ घरांत ती पट्टी वडील वाचतात, घडी करतात आणि खिशात ठेवतात. मुलांस दाखवीत नाहीत. पालकांस आमची विनंती आहे की, ती दाखवावी. ती वाचता येणे हे गणित आहे, आणि ती पाहून मुलगा घाबरेल ही भीती आम्हांस खरी वाटत नाही. न दाखविल्यानेच तो अधिक घाबरतो.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, रस्ते सुधारले, आणि बोटीवरून भाऊच्या धक्क्यास पेट्या उतरविण्याचे दिवस जुन्या माणसांच्या आठवणीत राहिले. २०२० च्या एप्रिलात बाजार बंद पडले तेव्हा कित्येक घरांनी फोनवरून गिऱ्हाइके जोडून पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या दारांत पोहोचविल्या. त्या वर्षी मोठी मुले हिशेब ठेवीत होती आणि आया पत्ते लिहीत होत्या. पट्टीवाचून आलेला तो पैसा थोडा होता की फार हे घरोघर निराळे; पण दर स्वतः सांगण्याचा अनुभव अनेकांस प्रथमच आला.

त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग वादळ आले. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन ह्या बाजूस बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढील वर्षी, १६ मेच्या सुमारास, तौक्ते वादळाने देवगड-रत्नागिरीकडे अखेरच्या तोडणीची फळे खाली आणली. ह्या दोन हानींत जो भेद आहे तो समजून घ्यावा. फळ पडले तर एक वर्ष जाते. चाळीस वर्षांचे झाड मुळासकट उपटले तर त्याच्या जागी लावलेले कलम भरास येईपर्यंत पंधरा वर्षे जातात, आणि ज्याचे वय साठ आहे त्याने ती कोठून आणावी? तरीही कलंडलेल्या झाडांच्या फांद्या छाटून, ती उभी करून, मुळांवर माती चढवून, कापांस बोर्डो मलम लावून लोकांनी पुष्कळशी जगविली. ह्या कामी मुंबईहून परतलेले तरुण हात उपयोगी पडले. त्यांतील काही पुन्हा गेले, काही राहिले.

मेच्या अखेरीस पेटीचा आंबा संपतो. उरलेला किलोवर कारखान्यात जातो. त्यास कॅनिंगचा आंबा म्हणतात, आणि त्याच्या भावावरच पुष्कळ घरांचे वर्ष वर निघते किंवा खाली जाते. घरात बायका आंबापोळीची ताटे उन्हात मांडतात आणि पहिल्या ढगाबरोबर आत ओढतात. रसाचे बाठे मात्र कोणी फेकीत नाही. ते धुऊन, सावलीत सुकवून, पाऊस सुरू होताच वाफ्यात ओळीने मांडतात. पंधरा दिवसांत त्यांतून तांबडी, लवलवीत रोपे वर येतात. आणि बाठा अद्याप खाली चिकटलेला असतानाच, पाने हिरवी होण्यापूर्वी, रोपाचा शेंडा छाटून त्यावर हापूसची जून काडी पाचरीसारखी बसवितात व पट्टीने घट्ट बांधतात. ह्यास कोय कलम म्हणतात. हात कोवळा व नजर तीक्ष्ण असली की हे काम चांगले साधते, म्हणून ते पुष्कळदा मुलांकडेच येते. शाळा तेव्हा नुकतीच उघडलेली असते. बांधलेल्या कलमांपैकी किती जगली, हे ऑगस्टात मोजतात.